कलंडलेल्या खोलीत राहायचं तर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन-पोर्ट्समथच्या पट्ट्यात कुठल्याही खाडीत डोकावा, एक बुटकी, पोटाळ शिडाची बोट हमखास दिसेल. तिचं नाव वेस्टर्ली सेंटॉर. लांबी २६ फूट, रुंदी साडेआठ फुटांच्या आतबाहेर, पाण्याखाली जेमतेम तीन फूट. हॅम्पशरमधल्या वॉटरलूव्हिल गावात १९६९ ते १९८० या काळात अशा २४०० हून जास्त बोटी बांधल्या गेल्या. फायबरग्लासचं कवच लाकडासारखं कुजत नाही, त्यामुळे त्यातल्या पुष्कळ आजही पाण्यावर आहेत आणि जुन्या मोटारीच्या भावात मिळतात. तळाला एकाऐवजी दोन कील, म्हणजे पाण्याखालचे जड पंख, असल्यामुळे ओहोटीला ती चिखलात सरळ उभी राहते, कुशीवर आडवी होत नाही. समोर फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर हा मोठाच गुण. सां-मालोला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक १२ मीटर आणि वर जातो, आणि सकाळी ज्या बंदरात तरंगत होतो तिथे दुपारी लोक कुत्रं फिरवत असतात.

अशी एक बोट आम्ही नवरा-बायकोने घेतली ती ब्रिटनीला वळसा घालून खाली ला रोशेलपर्यंत जायचं ठरवूनच. ब्रिटिश पासपोर्टवर आता युरोपात १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. म्हणजे तीन महिने, दोन माणसं, आणि दादरच्या चाळीतल्या खोलीच्या निम्मी जागा. बोटीला यंत्र होतं, शिडं होती, कवच ठणठणीत होतं. आत मात्र राहण्यासारखं नव्हतं.

बोटींच्या अंतर्भागाची छायाचित्रं सगळी बंदरात, सपाट पाण्यावर, टेबलावर फळांची टोपली ठेवून काढलेली असतात. तीच जागा वीस अंश कललेली, दिवे बंद, अंगात ओलं जाकीट आणि एक हात कायम कशाला तरी धरलेला, अशी डोळ्यांसमोर आणा. आम्ही प्रत्येक फळी आणि प्रत्येक खर्च याच कसोटीला लावला. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. पाणी कुठून येतंय ते कळेपर्यंत आत एक स्क्रूही लावायचा नाही.

जुन्या बोटीत पाणी जिथे टपकतं तिथून ते आलेलं नसतं. वर कठड्याच्या खांबाच्या बोल्टमधून शिरतं, छताच्या अस्तरामागून दोन मीटर चालतं आणि पुस्तकांच्या फळीवर ठिबकतं. त्याला शोधायची पद्धत कंटाळवाणी आहे, पण दगा देत नाही. एकाने बाहेर बागेची नळी धरायची, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन पडून राहायचं. खालून सुरुवात करून हळूहळू वर सरकायचं, एकेका जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. संशयाच्या जागी आत आधी टाल्कम पावडर भुरभुरली की पाण्याची रेघ आपोआप उमटते.

तळाशी जिथे सगळं पाणी गोळा होतं त्या बिल्जमध्ये हाताचं बोट बुडवून जिभेला लावा. खारट असेल तर समुद्र आत येतोय. बेचव असेल तर पाऊस, नाहीतर तुमचीच पिण्याची टाकी. (वर डिझेलचा तवंग असेल तर हा प्रयोग नाकानेच करावा.)

खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी आम्ही पूर्ण काढल्या, जुनी लांबी खरवडली आणि ब्यूटिल टेपवर परत बसवल्या. बाहेरून सिलिकॉनची नळी पिळून काम भागवणारे खूप आहेत. पाणी त्याच्या मागून शिरतंच, आणि पुढच्या मालकाला ते सिलिकॉन काढताना नाकीनऊ येतात. डेकवरच्या बोल्टचं भोक थोडं मोठं करायचं, एपॉक्सीने भरायचं आणि वाळल्यावर त्यातच मापाचं भोक पाडायचं. कित्येक बोटींत फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं. उद्या बोल्ट गळायला लागला तरी एपॉक्सीच्या या कड्यामुळे ते लाकूड भिजत नाही.

यात आमचा अख्खा शरद ऋतू गेला आणि पाहायला आलेल्या पाहुण्यांना दाखवण्यासारखं काहीही झालं नाही. पण कोरड्या बोटीत केलेलं पुढचं काम टिकतं.

२. लोंबणारं छत ही लाजेची नाही, वयाची गोष्ट आहे.

सत्तरच्या दशकातल्या फायबरग्लासच्या बोटींना आतून, मागे पातळ फोम असलेलं रेक्झिन चिकटवायची सर्रास पद्धत होती. कवचाचा खडबडीतपणा झाकला जायचा, थोडी ऊबही राहायची. पण फोम काही पन्नास वर्षांसाठी केलेला नसतो. तो विटतो, त्याची तपकिरी भुकटी होते आणि रेक्झिन सुटून डोक्यावर लोंबायला लागतं. ते पुन्हा चिकटवता येत नाही, कारण चिकटायला मागे काही उरलेलंच नसतं.

ओढून काढणं सोपं. खरं काम त्यानंतरचं. मागे राहतो जुन्या गोंदाचा आणि फोमचा चिकट थर. तो पात्याने आणि ताठ ब्रशने खरवडावा लागतो. ड्रिलला तारेचा ब्रश लावला तर काम लवकर होतं, पण धूळ अख्ख्या बोटभर उडते. एफएफपी३ दर्जाचा मास्क, बंद गॉगल आणि फेकून द्यायचे कपडे, यातलं काहीही सोडू नका. शेजारच्या बोटीवरचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ रोज चहाचा मग घेऊन डोकवायचे आणि म्हणायचे, "हे काम दुसऱ्यांदा केलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही."

आता नवं काय लावायचं? तसंच फोमचं रेक्झिन पुन्हा चिकटवता येतं. ते स्वस्त पडतं, गोलाईवर छान बसतं आणि वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा लोंबतं. आम्ही दुसरा मार्ग घेतला. कवचाला एपॉक्सीने लाकडी पट्ट्या चिकटवल्या, पट्ट्यांच्या मध्ये पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम बसवला आणि वर चार मिलिमीटर प्लायवुडचे तुकडे स्क्रूने लावले. प्रत्येक तुकड्यावर रेक्झिन ताणून मागच्या बाजूला स्टेनलेस स्टेपलने पक्कं केलं. बोटीत काटकोन नावाची चीज नसते, म्हणून प्रत्येक तुकडा आधी पुठ्ठ्याचा कापायचा, जागेवर धरायचा, पुन्हा कापायचा. आमच्या घरी आलेल्या एकाही पार्सलचं खोकं त्या हिवाळ्यात वाया गेलं नाही. या पद्धतीत डोक्यावरची उंची दोन-तीन सेंटिमीटरने कमी होते. नवरा सहा फुटी आहे, त्याने ते सेंटिमीटर टाळूने मोजले.

गोंदाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. रेक्झिनला मऊ ठेवणारं रसायन साध्या गोंदालाही हळूहळू मऊ करून टाकतं. म्हणून डब्यावर 'व्हिनाइलसाठी' असं स्पष्ट लिहिलेला आणि उन्हात तापणाऱ्या पृष्ठभागाला चालणारा गोंद घ्या. लावताना सगळ्या झडपा उघड्या, शेगडी आणि हीटर बंद. त्या वाफा पेट घेतात, आणि बंद जागेत माणसाला भोवळ आणतात.

३. जे झाकाल ते एका स्क्रूड्रायव्हरने उघडता आलं पाहिजे.

सांधा न दिसणारं, एकसंध फर्निचर घरात शोभतं. बोटीत छतामागे डेकवरच्या प्रत्येक बोल्टचा नट असतो, दिव्यांच्या तारा असतात. फळीखाली कीलचे बोल्ट असतात. रात्री तरंगता ओंडका आपटला तर कवचाच्या त्या जागी मिनिटभरात हात पोहोचावा लागतो. आम्ही छताचे तुकडे चिकटवले नाहीत, ते यासाठी. स्क्रूच्या रांगा दिसतात, दिसू देत.

४. बाहेरून येते त्याहून जास्त ओल आपण आत तयार करतो.

एक किलो ब्युटेन जळलं की त्यातून सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. हे रसायनशास्त्र शाळेत शिकलेलं असतं, पण बोटीत चहा केल्यावर खिडकीवरून ओघळ यायला लागले की ते पटतं. त्यात दोन माणसांचा श्वास, ओली जाकिटं, शिजणारा भात. ही वाफ सगळ्यात थंड पृष्ठभाग शोधते, आणि तो असतो गादीच्या खाली, कवचाला लागून. मार्चमध्ये गादी उचलली तर खाली चक्क तळं असतं.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. पृष्ठभाग थंड राहू द्यायचा नाही, म्हणजे कवचाच्या आतून उष्णतारोधक थर द्यायचा. आणि हवा वाहती ठेवायची. गाद्यांखालच्या फळ्यांना आम्ही मोठी भोकं पाडली आणि वर जाळीदार चटई टाकली. कपाटांच्या दारांना वेताची जाळी बसवली. एका टोकाला हवा आत यायला आणि दुसऱ्या टोकाला बाहेर जायला वाट ठेवली. पावसात, लाटा अंगावर घेतानाही हवा आत घेऊन पाणी बाहेर टाकणारी पेटी मिळते, तिला डोरेड म्हणतात. १९३० साली बांधलेल्या त्याच नावाच्या अमेरिकन यॉटवरून हे नाव आलं. इतक्या वर्षांत तिच्यापेक्षा सोपं काही सापडलेलं नाही, कारण तिच्यात हलणारा भागच नाही.

मिठाचंही इथेच सांगते. समुद्राच्या पाण्याने भिजलेली गादी उन्हात वाळते आणि संध्याकाळी पुन्हा दमट होते, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय ती कधीच वाळत नाही. ओली जाकिटं दाराशीच अडकवायची, आतल्या गाद्यांपर्यंत पोहोचू द्यायची नाहीत. यासाठी आम्ही एक अख्खं कपाट रिकामं ठेवलं आणि त्याच्या तळाचं पाणी बिल्जमध्ये जाईल अशी सोय केली. एवढ्याशा बोटीत ही चैन वाटेल, पण तसं नाही.

५. बंदरातला पलंग आणि समुद्रातला पलंग वेगळे.

टेबल खाली उतरवून होणारा डबल बेड बंदरात छान. चालत्या बोटीत तो निरुपयोगी. बोट कलली की माणूस एका कडेला गोळा होतो आणि प्रत्येक लाटेला इकडून तिकडे लोळतो. नाळेकडचा त्रिकोणी पलंग तर वाऱ्याविरुद्ध जाताना माणसाला अक्षरशः हवेत उडवतो. समुद्रात झोपायला हवी अरुंद जागा, खांद्यांपेक्षा थोडीच रुंद, शक्य तितकी बोटीच्या मध्याजवळ. आणि हवं कापडाचं कुंपण. जाड कॅनव्हासचा पट्टा गादीखाली फळीला पट्टी ठोकून पक्का करायचा आणि वरच्या कडेला दोन दोऱ्या लावून त्या छताच्या कठड्याला बांधायच्या. आमच्या मशीनवर जाड सुईने हे सहज शिवून झालं. दिवसा तो पट्टा गादीखाली गुडूप.

इंग्लिश चॅनल ओलांडताना एक सुकाणूवर आणि एक झोपलेला, असं चालतं. ज्याला झोप मिळाली नाही तो पहाटे चुकीचा दिवा ओळखतो. संपूर्ण कामात या कापडाइतका कमी खर्चात इतका मोठा फायदा दुसऱ्या कशाने झाला नाही.

६. गॅसचं काम स्वतः करू नका.

मी इंजिनियर आहे, नवरा घरातलं प्लंबिंग स्वतः करतो, तरीही आम्ही याला हात लावला नाही. घरात गळलेला गॅस दाराखालून निघून जाऊ शकतो. बोटीत दार वर असतं आणि गॅस हवेपेक्षा जड: प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट. तो तळाशी बिल्जमध्ये साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडरची पेटी स्वतंत्र, हवाबंद आणि तळातून थेट समुद्रात वाट असलेली हवी. शेगडीजवळ बंद करायची तोटी, ज्योत विझली तर गॅस थांबवणारी झडप, तारीख छापलेली रबरी नळी. सगळं परवानाधारक माणसाकडून करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही घ्या, बोटींसाठी चालणारा.

कुठला सिलिंडर, हा प्रश्न इंग्लंडातून निघताना लहान वाटतो. पण ब्रिटनचे सिलिंडर फ्रान्समध्ये बदलून मिळत नाहीत. २.७५ किलोचा निळा कँपिंग गॅझ फ्रान्सच्या गावोगावी मिळतो. पेटीचं माप त्याच्यावर बेतलं.

७. बोटीच्या तळाला भोकं किती आहेत ते मोजून ठेवा.

यंत्राच्या थंडाव्याचं पाणी, संडास, बेसिन. प्रत्येकासाठी कवचाला भोक असतं आणि त्यावर सीकॉक, म्हणजे समुद्र बंद करायची तोटी. पाण्याखाली अर्ध्या मीटरवरचं २५ मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला पन्नासएक लिटर पाणी आत येतं. हलक्या पितळेतलं जस्त समुद्राच्या पाण्यात झिजत जातं आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं. खरवडून रंग पाहायचा. गुलाबी दिसलं की बदलायचं, वाद नाही. आतली सजावट करताना सीकॉक फर्निचरमागे दडपायचा मोह होतो. उलट त्याची दांडी अंधारात हाताला लागेल अशी असावी आणि शेजारी दोरीने बांधलेलं निमुळतं लाकडी बूच.

संडासाच्या नळीला वास येतो की नाही, हे ओळखायचा जुना उपाय: गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीभोवती गुंडाळा, गार झालं की हुंगा. फडक्याला वास लागला तर नळीतून तो झिरपतोय. कितीही अत्तरं फवारा, नळीच बदलावी लागेल.

८. वीज वाढवण्याआधी खर्च कमी करा.

११० अँपिअर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी असली तरी तिची निम्मीच वीज वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. हाती उरतात पंचावन्न. जुना दहा वॅटचा हॅलोजन दिवा तासाला ०.८ खातो, तेवढाच उजेड देणारा एलईडी त्याच्या पाचव्या हिश्शाच्याही आत. आम्ही सगळे दिवे बदलले आणि नकाशाच्या टेबलावर एक लाल दिवा लावला, कारण पांढऱ्या उजेडानंतर डोळ्यांना पुन्हा अंधार दिसायला वीस-तीस मिनिटं लागतात.

फ्रीज घेतला नाही. छोटा फ्रीजसुद्धा उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस अँपिअर-तास गिळतो, म्हणजे बॅटरी त्याचीच झाली. त्याऐवजी छतावर सौर पॅनेल आणि खाली कांदे, बटाटे, अंडी, डाळी. मटकीला ओल्या फडक्यात मोड येतातच, आणि बोटीत फडकं कायम ओलंच असतं. दही लावायला फ्रीज कधीच लागत नव्हता.

तारा मात्र नव्या, कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. आणि प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना चिठ्ठी. ती चिठ्ठी लावायचा कंटाळा येतो तेव्हाच ती लावावी.

९. बोट उलटी धरून हलवली तर काय पडेल?

१९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळात सापडल्या आणि १५ खलाशी दगावले. कित्येक बोटी उलटल्या. जड वस्तू बांधलेल्या असल्याच पाहिजेत, ही अट आज खोल समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांत आहे. आमच्यासारख्यांना कुणी नियम लावत नाही, म्हणून आपणच लावायचा. बॅटरीला पट्टा, शेगडी तिच्या झोक्यातून निसटू नये म्हणून अडसर, पायाखालच्या फळ्यांना फिरत्या कड्या, खणांना झटक्याने न उघडणाऱ्या खिट्ट्या. टेबलाच्या कडा गोल करा. पडताना माणूस धरायला जातो ते पहिलं टोक टेबलाचं असतं. छताला धरायचे कठडे आरपार बोल्टने लावा. माणसाचं वजन नुसत्या स्क्रूंवर सोडायचं नाही.

डबाबंद खाण्यावरचे कागद काढून झाकणावर मार्करने नावं लिहा. ओले कागद सुटून बिल्जच्या पंपात अडकतात. आणि जड ते खाली. सेंटॉरसारख्या बोटीत साधारण शंभर किलो भरले की ती सेंटिमीटरभर खाली बसते, असा आमचा ढोबळ हिशेब. तीन महिन्यांचं सामान भरताना तो रोज आठवत होता.

१०. स्वयंपाकघर आपल्या स्वयंपाकासाठी करा.

इंग्रजी पुस्तकांतलं बोटीचं स्वयंपाकघर सूप गरम करण्यासाठी आखलेलं असतं. आपल्याला फोडणी लागते. बंद केबिनमध्ये मोहरी-हिंगाची फोडणी केली की डोळे झोंबतात, आणि नव्या पांढऱ्या छतावर आठवड्यात पिवळा तवंग चढतो. आम्ही शेगडीवरच्या छताचा तुकडा रेक्झिनऐवजी पुसता येणाऱ्या लॅमिनेटचा केला आणि तिथेच उघडणारी झडप बसवली. शिवाय बंदरात असताना एकदाच भरपूर फोडणी करून बरणीत भरायची. समुद्रात ती वरून घालायची.

प्रेशर कुकर तर बोटीसाठीच बनवला आहे असं माझं ठाम मत आहे. झाकण पक्कं, त्यामुळे शेगडीवरून सुटला तरी खिचडी अंगावर येत नाही. गॅस निम्मा लागतो. वाफ बहुतेक आतच राहते. मसाल्याचा गोल डबा मात्र चालत नाही. बोट कलली की हळद धण्यात आणि धणे तिखटात. फिरकीच्या झाकणांच्या छोट्या बरण्या आणि त्यांच्या मापाची भोकं पाडलेली फळी हा उपाय. पोळ्या बंदरातच लाटाव्या.

स्वयंपाक करणाऱ्याच्या कमरेमागे एक रुंद पट्टा अडकवायला दोन्ही बाजूंना कड्या हव्यात. त्यावर टेकून दोन्ही हात मोकळे राहतात. समुद्र फार खवळलेला असेल तर पट्टा सोडा आणि बिस्किटं खा, कारण उकळतं पाणी अंगावर आलं तर पट्ट्याने बांधलेल्या माणसाला मागे सरता येत नाही.

पाण्याला विजेचा पंप नको, पायाने दाबायचा हवा. हाताखाली बटण असलं की पाणी कुठे जातं कळत नाही. भांडी विसळायला दुसरा पायपंप थेट समुद्राचा. आणि पिण्याचं पाणी एकाच टाकीत कधीही नको. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी ठरले, ते 'सुहैली' या मुंबईत बांधलेल्या ३२ फुटी सागवानी बोटीतून. वाटेत त्यांच्या टाक्यांमधलं पाणी खराब झालं आणि पुढचा प्रवास पावसाचं पाणी धरून करावा लागला. आम्ही जिथे जात होतो तिथे दोन दिवसांत नळ मिळतो, तरी वेगवेगळ्या कॅनमध्ये पाणी ठेवलं.

११. लाकडाला घाईने पॉलिश पेपर लावू नका.

ते सागाचं दिसतं, पण असतं प्लायवुड, आणि वरचा साग कागदाएवढा. मशीन फिरवलं की क्षणात खालचा पांढरा थर दिसतो आणि तो परत झाकता येत नाही. खिडक्यांखालचे काळे डाग घासून जात नाहीत. ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावाने, हातमोजे घालून, नंतर भरपूर पाण्याने पुसून जातात. व्हार्निश चमकदार नको, मंद घ्या. ओरखडे कमी दिसतात आणि रात्री दिव्याची तिरीप डोळ्यांवर येत नाही. नवं लाकूड घालायचं तर बीएस १०८८ शिक्क्याचं मरीन प्लायवुड, आणि कापलेल्या कडांना एपॉक्सी. पाणी तिथूनच शिरतं.

१२. गाद्यांची कापडं सगळ्यात शेवटी.

बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात, कारण दुकानात जाऊन रंग निवडायला मजा येते. मग त्याच कापडावर छताची भुकटी, गोंद आणि डिझेल पडतं. फोम मात्र चांगला घ्या: दहा सेंटिमीटर, घट्ट, अग्निरोधक. ब्रिटनमध्ये १९८८ पासून घरगुती फर्निचरच्या फोमला तसा कायदाच आहे.

पडदे, भिंतीवरचं घड्याळ आणि पुस्तकांच्या फळीचा दुसरा कप्पा यांच्याशिवायच आम्ही निघालो. ला रोशेलपर्यंत त्यांची आठवण झाली नाही. यार्डात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या कितीतरी बोटी शेवटच्या कपाटासाठी थांबलेल्या आहेत.

बोट पाहायला जाणार असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा. हिवाळ्याचं यार्डाचं भाडं डोळ्यांसमोर असतं, तेव्हा विकणारा भावाला उतरतो. छत लोंबतंय, गाद्या कुबट आहेत, तारांचा गुंता आहे म्हणून बोट सोडू नका. त्या बदल्यात किंमत पाडून मागा. पण डोलकाठीचे ताण जिथे आत उतरतात तिथल्या आडव्या भिंतीत स्क्रूड्रायव्हरचं टोक रुतलं, किंवा कीलच्या मुळाशी आत भेगा दिसल्या, तर आभार मानून परत फिरा. तशा दुसऱ्या पुष्कळ मिळतात.